पांढरं कशाला म्हणायचं

दारव्ह्याच्या बाजारओळीत माझा स्टुडिओ.
दिवसभर पासपोर्ट, शाळेचे ग्रुप,
हळदीनं माखलेल्या नवऱ्या,
आणि गेलेल्या माणसांचे चेहरे,
कुणाच्या तरी लग्नाच्या गर्दीतून कापून काढलेले,
खांद्यावर परक्याचा हात राहून गेलेला.
"जरा उजळ करून द्या," सगळेच म्हणतात.
मी देतो. धंदा आहे.

शटर अर्धं पाडलं की
दुसरं गिऱ्हाईक.
ते काही मागत नाही.
मंगळावरून राखाडी चौकोन धाडत राहतं:
दगड, दगड, स्वतःचंच चाक,
काचेवर बसलेला धुळीचा कण, दर फोटोत त्याच जागी.

नसरीन ते उतरवून घेते.
कन्या शाळेची प्रयोगशाळा सांभाळते ती,
वहीत तिथले दिवस मांडते, आपल्याहून चाळीसेक मिनिटं लांब.
"आज तिकडे उशिरा उजाडेल," म्हणते,
पुसदची एसटी लेट आहे म्हणावं तसं.
मी सांधतो.
दोन फोटोंच्या मधल्या वेळात
सावली बोटभर सरकलेली असते.

अडतं ते रंगापाशी.
लग्नात सोपं: टोपी, उपरणं, भिंतीचा चुना,
काहीतरी पांढरं सापडतंच,
तिथे बोट ठेवलं की बाकीचे रंग
मुकाट आपापल्या जागी बसतात.
तिथे पांढरं काय?
उजेडच धुळीतून गाळून आलेला.
गाडीच्या पाठीवर रंगांची चकती आहे, ताडून पाहायला,
तिच्यावरही धूळ.

पहिल्या वर्षी मी आभाळ निळं केलं होतं,
आपल्या माळावर असतं तसं.
नसरीन म्हणाली, "हे उजळ करून देणं झालं."
चार दिवस आली नाही.

मग एका रात्री उकंडराव पेंदाम,
बोअरची गाडी समोर लावून,
मोबाइल चार्जिंगला लावायला आत आला
आणि पडद्यापाशी थबकला.
"हा कोणाचा बोर हाये?"
लाल खडकात एक भोक, भोवती राखाडी भुकटीचं कडं.
मंगळावरचा, म्हटलं.
तो हसला नाही. खुर्ची ओढली.
"वरतून लाल, आतून राख. किती फूट?"
दोन इंच.
"दोन इंचाले येवढी गाडी नेली?"
बराच वेळ गेला.
मग करंगळी त्या भोकावर टेकवून म्हणाला,
"पण काम साफ हाये. कड नाई फुटली."

तेव्हापासून त्याच्या खिशातून कागदाच्या पुड्या येतात.
लाडखेडचा काळा, बोरीचा हिरवट,
दोनशे फुटांवर लागलेली गेरूसारखी लाल.
टेबलावर ओळीनं मांडतो,
ट्यूबलाइटखाली एकदा, दारातल्या उन्हात एकदा.
"उजेड बदलला का माती बदलते, पाहा."
पाहतो.
इतकी वर्षं मी चेहरेच पाहत होतो.

मागच्या महिन्यात सतरा तुकड्यांचं दृश्य जुळवलं.
सोळाच आले.
उजवीकडे, टेकडीच्या पायथ्याशी,
एक चौकोन काळा.
शेजारची वाळू उचलून भरायची, दोन मिनिटांचं काम.
ज्या लग्नाला गेलेच नव्हते
त्या लग्नात मी मेलेल्यांना बसवलंय.
हात गेलाही होता.
नसरीन बोलली नाही काही,
पेनाचं टोपण तेवढं लावलं.
राहू दिला.

उकंडरावनं त्याचा फ्लेक्स करून घेतला,
केबिनमध्ये, ड्रायव्हरच्या मागे, सुतळीनं ताणून बांधला.
कुठल्याशा धुऱ्यावर
चहा घेऊन आलेलं पोरगं विचारतं,
"हे कोठचं वावर, मामा?"
"लांबचं हाये. दोन इंच झाले."
"पाणी?"
"नाई अजून."
"आन हे काळं काय?"
तो सांगायला तोंड उघडतो,
तेवढ्यात कॉम्प्रेसर सुरू होतो.