वाऱ्याचा चढ

लिटलपोर्टहून केंब्रिजचं हॉस्पिटल, बावीस मैल.
परतीचे बावीस मी अजून मोजत नाही.

गाडी श्रीरंगबरोबर नॉरिचला गेली, नव्या नोकरीच्या गावी.
महिनाअखेरीला ग्लेनिस रिटायर होते,
तिच्या गाडीतली माझी जागाही.
साडेसहाला पाळी, हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात;
पहिली रेल्वे तेवढ्या लवकर उठत नाही.
आणि लायसन्स म्हणाल तर तीनदा नापास.
तिसऱ्या परीक्षकाने कागदावर लिहिलं होतं,
चौकात कचरते.

म्हणून चार रविवार हाताशी धरले.

पहिल्या रविवारी एलीपर्यंत.
रस्ता सपाट, परातीत थापलेल्या भाकरीसारखा.
म्हटलं, यात काय आहे.
मग वारा सुटला.
बीटच्या शेतांपलीकडे एलीचं कथीड्रल दिसत होतं,
आलं आलं म्हणता तासभर तिथेच,
हाका मारून न हलणाऱ्या म्हशीसारखं.

शेजारचे कटलॅक, वय एक्क्याऐंशी, कुंपणावरून म्हणाले,
इकडे डोंगर नसतात बाई.
वारा हाच डोंगर, आणि तो रोज जागा बदलतो.
साखरेच्या कारखान्यात ते सायकलीनेच जात, उन्हाळा-हिवाळा.
त्यांनी मला आपले जुने मडगार्ड दिले,
वर एक सल्ला:
वाऱ्याशी भांडायचं नाही, गिअर उतरवायचा
आणि मनात कुणाशी तरी जुनं भांडण उकरून काढायचं.
मैल कळत नाहीत.

दुसऱ्या रविवारी वॉटरबीच.
सीटने जिथे टोचायचं तिथे टोचलं.
सोमवारी दिवसभर उभी होते;
तशी रोजच असते.

तिसऱ्या रविवारी कालव्याच्या कडेला पंक्चर.
चार मैल सायकल हाताने ढकलत आणली,
एक बगळा सगळं बघत होता.
मग सिंकमध्ये पाणी भरून ट्यूब बुडवली,
वितीवितीने दाबत गेले,
आणि बुडबुडे आले,
आणि मिरजेतलं हसनभाईंचं दुकान आलं,
ते घमेलं, ते गढूळ पाणी, तो सोल्यूशनचा वास.
आठ आणे तास.
चौकटीतून पाय घालून अर्धं पायडल मारायची मी,
तास उलटून परत आले
की हसनभाई घड्याळाचं तोंड भिंतीकडे करायचे.
म्हणायचे, बंद आहे गं ते.

हॉस्पिटलच्या दारावरचं घड्याळ कार्ड मागतं.
ते भिंतीकडे तोंड करत नाही.

चौथ्या रविवारी हॉस्पिटलच्या फाटकापर्यंत,
दोन तास चोवीस मिनिटं.
फाटकाला हात लावून आले,
लपाछपीत राज्य उतरवतात तसा.
वाटेत एकोणीस चौक. मोजले.
एकातही कचरले नाही,
पण तिथे लिहून घ्यायला कुणी नव्हतं.

आज रात्री सगळं वजनकाट्यावर.
पंप एकशे दहा ग्रॅम. दोन ट्यूब.
पिवळं जॅकेट, ज्यात मी रस्तादुरुस्तीवाली दिसते.
कोरडे मोजे प्लास्टिकच्या पिशवीत,
ती पिशवी दुसऱ्या पिशवीत.
मंगळसूत्र बनियनच्या आत.
दुसरं कुलूप काढलं, पुन्हा ठेवलं, काढलं.
डब्यातल्या चार पोळ्यांच्या तीन केल्या,
पस्तीस ग्रॅमचा फायदा.

श्रीरंगचा फोन आला. म्हणाला, वेड लागलंय तुला.
मग थोडं थांबून,
मागचा दिवा चार्ज केलास का?

केला. लावूनही पाहिला.
खोलीची भिंत लाल, काळी, लाल.

गजर तीन वीसचा.
झोपण्याआधी मागचं दार उघडलं,
बोट ओलं करून अंधारात धरलं.
दक्षिणेचा वारा.
म्हणजे जाताना पूर्ण बावीस मैल तोंडावर.

दार लावलं.
चौथी पोळी डब्यात परत ठेवली.