पावलांचं विवरणपत्र

तीस जुलैची रात्र. जोगेश्वरीत आमच्या मजल्यावर
पंखे सोडून सगळे झोपलेत.
पोर्टल गोल गोल फिरतंय, आणि मांडीशी बुटांचा खोका,
त्यात वर्षभराच्या पावत्या,
काही इतक्या फिकुटल्या
की उजेडाकडे तिरक्या धरल्या तरच आकडा दिसतो.

व्यवसाय कोणता, विचारतंय.
यादीत वकील आहेत, डॉक्टर आहेत,
घरं सजवणारेही आहेत.
पडद्यावरच्या बायका चालतात तेव्हा
बंद खोलीत त्यांच्या पावलांचा आवाज काढणारी
कुठे बसवू?
शेवटी ‘चित्रपट कलाकार’वर टिचकी मारली.
चेहरा एकदाही आलेला नाही माझा.
टाचा आल्यात.

वर्षभर चालले.
एका खुनापर्यंत चौदा पायऱ्या.
एक सून, मध्यरात्री, पैंजण हातात घेऊन.
ओल्या गोणपाटावर अख्खी पलटण एकटीने,
त्याला दोन दिवस लागले आणि वर गुडघ्याचा पट्टा.
दर बिलातून दहा टक्के जागच्या जागी कापले,
म्हणजे दर दहावं पाऊल
मी दिल्लीसाठी टाकलं म्हणायचं.

गेल्या वर्षीपर्यंत कापडणीस सीए करून द्यायचे.
खर्चाची बिलं आणा, म्हणायचे.
चोरबाजारात एकाच पायाचा बूट घेतला,
त्याचं बिल?
बर्फासाठी कॉर्नफ्लोअर पाच किलो घेतलं,
तर वाणी म्हणाला, ताई, मंचुरियनची गाडी टाकताय?

मग यंदा ते कलम माझं मीच वाचलं.
निम्मी मिळकत खर्चातच गेली
असं ते धरून चालतात. पुरावा मागत नाहीत.
एवढं धरून चालणारं
मला आजवर कुणी भेटलं नव्हतं.
आईसुद्धा विचारायची,
एवढे आले ना, मग गेले कुठे?

आणि आता ही ओळ.
मी भरलेली नाही, आधीच भरून आली आहे.
कुंतल चित्र. चौऱ्याऐंशी हजार. कर कापला आठ हजार चारशे.

कुंतल चित्रने मला एक रुपया दिलेला नाही.
आधी म्हणाले सोमवारी. मग म्हणाले नंतरच्या सोमवारी.
मग फोनच उचलेनात.
ओशिवऱ्याला गेले तर त्यांच्या जागी
केस उगवायचा दवाखाना,
रिसेप्शनवरची मुलगी माझ्या भांगाकडे बघून म्हणाली, बसा.
सिनेमा डब्यात गेला.
माझे बुडवले, सरकारचे नाही बुडवले.

दाखवू? न मिळालेली मिळकत?
नाही दाखवली तर कापलेलं परत मागता येणार नाही,
आणि दाखवली तर, कापडणीस म्हणाले असते,
बाई, हवेवर कर भरताय.

भांडुपच्या मिठागरातली मुलगी होती त्यात.
अकरा मिनिटं नुसती चालते, बोलत नाही.
परातीत तीन किलो खडेमीठ घेतलं होतं मी,
अनवाणी,
टाचेच्या भेगांत असं झोंबलं
की तिसऱ्या टेकला पाऊल आपोआप लंगडलं,
आणि काचेपलीकडून डिसूझा ओरडला, हेच, हेच ठेव.

ते लंगडणं कुणी ऐकलं नाही.
डिसूझाची हार्डडिस्क गेली.
मी ते केलं याची जगात नोंद एकच,
ही ओळ, माझ्या पॅन नंबराखाली.

दाखवलं.
चौऱ्याऐंशी हजार, पुढे शून्य शून्य पैसे.

ओटीपी आला, टाकला, पडताळणी झाली.
परतावा किती ते पुन्हा एकदा बघितलं
आणि पाणी प्यायला उठले.
उद्या सकाळी खालच्या मजल्यावरचे मेढेकर
जिन्यात गाठून म्हणणारच,
अहो, रात्री फार चालता तुम्ही.