पहिली खूण

इत्तोकोर्तूर्मीतची डिश आकाशाकडे बघत नाही.
फ्योर्डपलीकडच्या कड्याच्या जेमतेम वर,
उंबऱ्यातून कुणी येतंय का बघावं तशी बघते.
उपग्रह तिथे आहे.
दिसत नाही, पण आहे.

मी नूकहून आलो होतो, नवा मोडेम बसवायला.
पाव्हियाने कॉफी ओतली, विचारलं,
वाटेतलं हवामान कळतं का याला?
नाही म्हटलं. हा वाट विचारतच नाही.
धुकं, भुरभुरतं हिम,
इतक्या खालून जाणाऱ्या लहरीचा थरकाप,
कशाचीच नोंद ठेवत नाही.
प्रत्येक खूण एवढंच सांगते
की मागचीपेक्षा मी किती वळले.
वाटेने दोघींना सारखंच वाकवलं असेल
तर फरक धडधाकट पोचतो.

"आणि पहिली?"

पहिलीला अर्थ नसतो.
ती नुसती पाय टेकायला.

रविवारी ऑल्बॉर्गहून हान्सिग्नेचा फोन.
तो आधी खोकला.
नेहमीच खोकतात, बायको म्हणाली, सर्दीबिर्दी काही नसते.

मग दोघं एकदमच बोलले.
तो: कुत्री विकली. अकराच्या अकरा.
ती: मी आता परत येणार नाहीये, अताता.

छत्तीस हजार किलोमीटरवर
दोन्ही वाक्यं एकाच गाठोड्यात पडली
आणि तेच गाठोडं दोन्ही घरी उतरलं.
आपलं आपण काढून घ्यायचं,
उरेल ते समोरच्याचं.
मोडेम हे पापणी लवायच्या आत करतो.
त्याला स्वतःचं बोलणं नेमकं आठवतं,
आणि ते टाकून देताना त्याचं काही जात नाही.

पाव्हियाने रिसीव्हर कानापासून जरा लांब धरला.
ओठ हलत होते.
अजून स्वतःचंच वाक्य वजा करत असावा.

मी स्क्रू शोधत राहिलो,
जो माझ्या हातातच होता.

खिडकीबाहेर रिकाम्या साखळ्या,
साखळीच्या लांबीएवढी
बर्फात गोल तुडवलेली अकरा अंगणं.
एकावर नवं हिम धरू लागलेलं.

"बर्फ," तो म्हणाला, "कालच्यापेक्षा पातळ आहे."

अर्धा सेकंद गेला. तो उपग्रहाचा.
मग आणखी बराच वेळ,
तो उपग्रहाचा नव्हे.

आणि तिकडून,
सर्दी नसलेला,
एक खोकला.