नोंदवहीतलं माणूस

निवाऱ्याच्या नोंदवहीत शेवटची ओळ:
आर. टेम्पल्टन. उद्या खिंडीतून खाली.
कोपऱ्यात बारीक अक्षरांत:
केआ पोपटानं माझ्या बुटाची नाडी पळवली.
तारीख परवाची.
न्यूझीलंडच्या त्या खिंडीत दोन दिवस नुसतं बर्फ.

ह्यूया वायरलेसचं बटण दाबते.
तिकडे गावात डेस्मंड, तोंडात बिस्किट.
— कोण? ही?
— माहीत नाही.
— मग शी?
— वहीत तसं काही नाही, डेस्मंड.
— मग काय, इट?
— इट म्हणजे तुझी बोट. दे म्हण.
दे अजून पोचलेले नाहीत.

मधे तीन डोंगर, आवाजाला खरखर.
त्या एका शब्दात किती माणसं मावतात
ते वायरलेस कसं सांगणार?
डेस्मंडनं लिहिलं: बेपत्ता, दोन.
हेलिकॉप्टरात दोन स्ट्रेचर चढली, दोन ब्लँकेटं,
आणि वजन जमवायला
इंधन थोडं कमी.

आता हे मराठीत लिहिताना मी कड्यापाशी अडते:
सापडला लिहू, की सापडली?
(बघा, 'अडते' म्हटलं
आणि माझं तर सांगूनही झालं,
कुणी विचारलं नसताना.)

कड्याखाली कुणीतरी सापडलं.
ओठ निळे. एका बुटात नाडीच्या जागी सुतळी.
— दुसरं कुठाय? पायलट ओरडला.
मान हलली. दुसरं कुणी नाही.
थंडीनं माणूस भ्रमतं, विसरतं,
हे पायलटला ठाऊक होतं.
म्हणून चाळीस मिनिटं घिरट्या,
जे कधी नव्हतंच त्याच्यासाठी.
हाका मारल्या. प्रत्येक काळ्या दगडावर दिवा टाकला.
इंधनाचा काटा लालात शिरला
तरी परत जाऊ असं कुणाच्या तोंडून येईना.

रात्री निवाऱ्यात दोन्ही ब्लँकेटं एकाच अंगावर.
दे.
माझ्या कानात तो शब्द मराठीच वाजतो.
ब्लँकेट दे.
दुसरंही दे.

ह्यूयाला विचारायचं होतं, डेस्मंडचा अहवाल अडला होता.
प्रश्न जिभेवर होता, हातात चहाचा टमरेल.
मग तिनं नुसती वही सरकवली, पेन्सिल सरकवली.
बोटं अजून थरथरत होती.
अक्षर तेच, जरा वाकडं:

पोचलो आम्ही, मी आणि ते दुसरं.
नाडी मिळाली का?