अकरा मिलिमीटर

शार्दूल गायधनीने कागदावर एकच रेघ मारली होती.
गंगापूर रोडच्या वाचनालयाचा सज्जा:
साडेचार मीटर पुढे, खाली खांब नाही,
कडेला जाडी हाताच्या पंजाएवढी.
म्हणाला, पाखरू टेकल्यासारखं दिसायला हवं.
मी म्हटलं, पाखराला पाय असतात.

महिनाभर हेच चाललं.
तो खोडरबर घेऊन यायचा, मी बेरजा घेऊन.
लोखंडाचं वजन सांगितलं
की खिडकीबाहेर बघायचा.

मग एका रविवारी मला पांडवलेण्यांवर घेऊन गेला.
तिसऱ्या लेण्याच्या ओसरीखाली सहा यक्ष,
जमिनीतून छातीपर्यंत वर आलेले,
खांद्यावर तुळया.
"बघा," म्हणाला, "भारसुद्धा देखणा असतो."
मला हसू आलं.
"यांच्यावर गुंजभरही भार नाही रे.
अख्खा डोंगर स्वतःच छत धरून बसलाय.
हे सहाही उद्या उठून पाथर्डी फाट्यावर चहाला गेले
तरी वरचा कपचा हलायचा नाही."
तो बराच वेळ गप्प.
मग म्हणाला, "कोरणाऱ्याला हे माहीत नसेल?"

पायऱ्या उतरताना गुडघा दुखत होता
आणि ते वाक्य.

सज्जा मुळाशी जाड केला, टोकाला निमुळता.
कडेला पंजा नाही, पण वीतही नाही.
दोघंही थोडे नाराज.
सोनीराम गावित, पेठचा, सेंटरिंगवाला,
फळ्या ठोकताना टोक जरा वर उचलत म्हणाला,
"आत्ता वाकडं ठिवा, मंग सरळ दिसंल."
माझ्या गणितात ते बारा मिलिमीटर होतं.
त्याच्या डोळ्यांत किती, विचारलं नाही.

काँक्रीटच्या आदल्या संध्याकाळी
सळ्यांची जाळी उन्हात तांबूस झाली होती.
उद्यापासून ती कोणालाच दिसणार नव्हती.
मी शार्दूलला फोन केला, लवकर ये.
तो आला, उभा राहिला,
फोटो काढायचा विसरला.

अठ्ठाविसाव्या दिवशी टेकू काढले, टोकाकडून आत.
शेवटच्याला सोनीराम खाली वाकलेला,
खांदा फळीला लागलेला.
क्षणभर वाटलं, सातवा.
मग टेकू निघाला, तो बाजूला झाला,
गेजचा काटा सरकत सरकत थांबला.

"किती?"
"अकरा."
"दिसतं का?"
"नाही."
सोनीरामने एक डोळा मिटून कडेवरून नजर फिरवली,
तंबाखू मळत म्हणाला,
"टोक आजून जरासं वरच हाय, बाई.
माणसं बसली का त्येबी बसंल."