पाचवी पायरी

सर्दी असेल तर आत्ताच सांगा.
लाजू नका. पैसे परत मिळतात,
कानाचा पडदा मिळत नाही.
आणि फलकावर रंगवलेत तेवढे मासे खाली नसतात,
हेही नाव सुटायच्या आधीच सांगून टाकतो.
मुहर्रकचं पाणी फेब्रुवारीत गार, जरा गढूळ,
चार मीटरवर वाळू, गवताचे पट्टे,
आणि माझ्या ओळखीचे पाचसहाजण,
म्हणजे मासेच, पण रोजचे.

पोहता येत नाही? बरंच आहे.
येणाऱ्यांचे पाय सारखे तरंगू बघतात.
इथं चालायचं फक्त.

हेल्मेट पस्तीस किलोचं.
हो, पस्तीस. आत्तापासून खांदे ताठ करू नका.
पाचव्या पायरीवर पाणी गळ्याशी येईल,
तेव्हा मी ते वरून ठेवीन
आणि भार पाणीच उचलेल.
चष्मा राहू दे. केस कोरडे राहतात.
यावर सगळे हसतात,
आणि वर आल्यावर गुपचूप डोक्याला हात लावून बघतात.

मान वाकवायची नाही.
बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हे नको.
तांब्या पालथा धरून बादलीत दाबला
तर आत हवा राहते ना,
तसे तुम्ही तांब्यात आहात.
तांब्या कलला की संपलं.

प्रत्येक पायरीला एक आवंढा गिळा.
कान तरीही दुखला तर थांबा, मला दाखवा.
आणि अंगठा वर केलात
तर त्याचा अर्थ 'झकास' नव्हे, 'वर न्या'.
झकास असेल तर मिठाची चिमूट धरतात तशी
दोन बोटं जुळवा.

गेल्या वर्षी इचलकरंजीच्या आक्काताई चौगुले आल्या होत्या,
मुलगा इथल्या गोदीत क्रेन चालवतो.
कानाचं सांगितलं तर म्हणाल्या,
"चाळीस वर्सं मागाच्या खडखडाटात गेल्यात,
काय दुखायचं ते दुखून झालंय."
मी म्हटलं, तरी गिळा.
अंगठ्याचं सांगितलं तर शाईचं बोट असल्यासारखं
त्याच्याकडे बघत राहिल्या.
"जल्मभर ह्योच लावला बँकेत. वर जायला बी ह्योच?"

मग विचारलं, हवा कोण देतंय?
वर बिजू आहे, कोल्लमचा.
नळी त्याच्या हाताखालून जाते.
आपण खाली असेपर्यंत तो फोन उचलत नाही,
चहा पीत नाही.
पूर्वी इथली माणसं मोत्यांसाठी उतरायची,
पायाला दगड, नाकाला चिमटा,
श्वास ज्याचा त्यानं न्यायचा.
वर एकजण दोरी धरून बसे.
नावेच्या धन्याला नाखुदा म्हणत,
आमच्या देवबागेत नाखवा.
दोरीवाल्याला काय म्हणत, ते मी इथं दोघातिघांना विचारलं,
तिघांनी तीन शब्द सांगितले.

पाचव्या पायरीवर बाई खूप वेळ उभ्या होत्या.
तिथून परत फिरलेले पहिलवान पाहिलेत मी.
फिरा खुशाल, कुणी हसत नाही.
त्या फिरल्या नाहीत. गिळताना गळा हललेला दिसला.

खाली वाळूत एक शिंपला होता.
त्यांनी शिंपल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
मी मान नाही-नाही हलवली.
तर बाईंनी गुडघे मुडपले,
मान सरळ, पाठ सरळ,
डोक्यावर भरली घागर घेऊन
उंबऱ्याशी टेकावं तशा हळूच खाली बसल्या,
आणि चाचपून उचलला.
थेंबभर पाणी आत आलं नाही.
अकरा वर्षं मी हे काम करतोय,
हे मला कुणी शिकवलं नव्हतं.
तेव्हापासून सगळ्यांना असंच सांगतो,
ज्यांनी कधी घागर पाहिली नाही त्यांनाही.

शिंपला रिकामा निघाला. होता तिथं ठेवला त्यांनी.
दोन बोटं जुळवली.
मग बराच वेळ नुसत्या उभ्या,
बुडबुड्यांचा तो खडखडाट ऐकत.

वर आल्यावर केसांना हात लावला नाही.
सरळ बिजूजवळ जाऊन बसल्या,
त्याचा पेला उचलून पाहिला
आणि त्याला मराठीतच म्हणाल्या,
"चहा गार झाला की रं तुझा."