सदतीस अंश

इन्क्युबेटरला फक्त तापवता येतं,
निववता येत नाही.
म्हणून मे महिन्यात आम्ही आधी खोली गार करतो,
मग त्या गारव्यात एक डबा सदतीस अंशांवर ऊबदार ठेवतो.
बाहेर सेहेचाळीस. गोळीबार चौकात चपला डांबराला चिकटतात.

डब्यात दोन बशा.
एकीत नुसता स्नायू, उंदराच्या पेशींपासून वाढवलेला,
दोन खुंट्यांमध्ये ताणलेला, शिवणाच्या दोऱ्याएवढा.
दुसरीत तोच, पण शेजारी चेतापेशी पेरलेल्या.
दहाव्या दिवसापासून पहिला खंगू लागला.
खाणं तेच, हवा तीच.
दुसऱ्यानं मात्र बाळसं धरलं.

बाबांचा उजवा हात पंधरा वर्षांपूर्वी
पॉवरलूमच्या पट्ट्यात गेला.
हाड जुळलं, कातडी जुळली, नस जुळली नाही.
मेडिकलमधले डॉक्टर म्हणाले, स्नायू शाबूत आहे,
आणि तो शाबूत स्नायू आमच्या डोळ्यांदेखत
वेलावर राहिलेल्या दोडक्यासारखा
आतल्या आत वाळत गेला.
आई रोज तेल जिरवायची.

रविवारी जेवताना बशांचं सांगितलं.
डाव्या हातानं वरणभात कालवत त्यांनी विचारलं,
‘स्नायू उंदराचा. अन् नस?’
‘तीही उंदराचीच.’
‘मंग थे त्याले सांगते तरी काय?
ना पाय, ना बीळ, ना मांजर.’
मला उत्तर येईना. पीएचडीचं चौथं वर्ष.
मी लोणचं वाढून घेतलं.

परवा रात्री एसी बसला.
खोली तेहेतीस, चौतीस. डबा अडतीस दाखवू लागला.
झिबलकाकांनी चौकीतला कूलर ओढत आणला,
मी मोमिनपुऱ्यातून स्कूटीवर बर्फाची लादी,
गोणपाटात गुंडाळलेली.
सगळ्या रस्त्यावर मागे पाण्याची रेघ,
आणि ती वळून बघेपर्यंत सुकलेली.

साडेतीनला बशी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली,
जगली का एवढंच बघायला. दुसरी बशी.
दोरा आकसला. थांबला.
पुन्हा.
विजेचा झटका कोणी दिला नव्हता.
झिबलकाकांनी टोपी काढून एक डोळा लावला,
बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले,
‘कुत्रं झोपेत पाय हालवते ना बाई, तसं.’

वहीत लिहिलं: तीन चाळीस, आपोआप आकुंचन, मिनिटाला अकरा.
पहिल्या बशीबद्दल लिहायचं राहिलं.

घरी आले तेव्हा बाबा गच्चीवर खाटेत झोपलेले.
उजवा हात उशाशी,
कोणी तिथं ठेवून विसरून गेल्यासारखा.
मी चपला न काढता उभी राहिले,
त्यांच्या बोटांकडे बघत,
घड्याळ लावून एक मिनिट.
मग आणखी एक.